लंगोट धुण्याआधी बघ

पोरी, सातवा महिना लागला ना, आता लंगोटांच्या तयारीला लाग. झबली-टोपडी भेट म्हणून येतात, दुपट्यांचा तर ढीग होतो. पण लंगोट कोणी आणत नाही, आणि बाळाला रात्रंदिवस लागतात ते तेच. बाळ यायच्या आधी नवं काही घरात आणायचं नाही असं तुझ्या सासरी मानत असले तरी अडचण नाही, कारण चांगला लंगोट जुन्या कापडाचाच होतो.

आजीची सुती नऊवारी मागून घे. धुऊन धुऊन तिची खळ केव्हाच गेलेली असते, सूत मऊ पडलेलं असतं आणि पाणी पटकन टिपतं. काठ आणि पदर काढून टाक, ते टोचतात. बसून विरलेला भागही बाजूला काढ. उरलेल्या कापडाचे 20 इंची चौकोन कापलेस तर एका साडीत विसेक लंगोट सहज निघतात. नव्या बाळाला दिवसाला दहा-बारा लागतात, म्हणून दोन साड्या तरी हव्यात. पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर तीन. टेरिकॉट किंवा नायलॉनचं कापड कितीही मऊ लागलं तरी घेऊ नकोस, ते ओल शोषत नाही. कडांना बारीक पिको करून घे आणि सुटा धागा एकही ठेवू नकोस. असा धागा बाळाच्या बोटाला वेढे घेऊन बसला की रक्त अडतं, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. बाळ उगाच किंचाळत असेल तर आधी हातापायांची बोटं आणि लंगोटाच्या आतली जागा बघायची.

बांधताना चौकोनाचा त्रिकोण कर. नाळ पडेपर्यंत वरची कड बेंबीच्या खाली दुमड, म्हणजे ती जागा कोरडी राहते. मुलगा असेल तर पुढे जास्त घडी दे. सेफ्टी पिन नको, गाठ मार, आणि ती पोटावर न येता कमरेच्या बाजूला येऊ दे. लंगोट आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं शिरायला हवीत. पाय मात्र मोकळे राहू देत. बाळाचे पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट करकचून बांधायची पद्धत अजून कुठे कुठे दिसते. त्याने खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बेडकासारखे फाकलेले पाय हीच त्या वयाची बरोबर ठेवण.

आता धुणं. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी थंड पाण्यात चटकन निघते. गरम पाणी आधी घातलंस तर डाग पक्का बसतो, म्हणून गार पाण्यात खळबळायचं, मग साबण, आणि गरम पाणी त्यानंतर. वरचं अन्न सुरू झालं की शी आधी संडासात झटकायची. साबण कमी घाल आणि पाणी भरपूर वापर. विसळलेल्या पाण्याला फेस येतोय तोवर लंगोट धुतला गेला असं समजू नकोस; बाळाच्या अंगावर उठणारे चट्टे पुष्कळदा कापडात राहिलेल्या साबणाचेच असतात. ते सुवासिक कंडिशनर तर अजिबात नको, त्याने कापड पाणी टिपेनासं होतं. लंगोट भिजवलेल्या बादलीवर झाकण हवं. रांगत्या बाळाचा त्यात डोकावताना तोल गेला तर हातभर पाणीसुद्धा जिवावर बेततं. आणि हे पिळणं तुझं काम नाही. पहिला सव्वा महिना तरी लंगोट जावयांनी धुवावेत. त्यांना हे आत्ताच सांगून ठेव.

उन्हासारखं औषध नाही. पिवळा डाग राहिला तर लंगोट ओला असतानाच कडक उन्हात टाक, डाग फिका पडतो. पण वलणी कुठे बांधतेस ते बघ. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात. त्यांचे केस वाऱ्याने उडून कापडाला चिकटतात आणि बाळाचं अंग खाजेने लाल होतं. शेवग्याखाली लंगोट वाळत घालायचे नाहीत, आणि कुठूनही काढताना दोनदा झटकून घ्यायचे, मुंगीसुद्धा पुरते. आमच्या कोकणात आषाढ-श्रावणात शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट सुकवत. तुला ते करायचं कारण नाही. पंख्याखाली वाळव आणि राहिलेला दमटपणा इस्त्रीने घालव. धुरीचा धूर मात्र बाळाजवळ नको, त्याच्या छातीला तो सोसत नाही. पावडरही नको. जागा पुसून कोरडी कर, थोडं खोबरेल लाव आणि पाच-दहा मिनिटं बाळाला उघडंच राहू दे. जांघेच्या घडीत लाल चट्टा आणि त्याच्या भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, तेलाने जाणार नाही. डॉक्टरांचं मलम लागतं.

बाहेर जाताना तयार डायपर वापरलास तर काही बिघडत नाही. घरी मात्र मी कापडाचाच आग्रह धरीन, कारण कापडावर सगळं दिसतं. म्हणून धुण्याआधी प्रत्येक लंगोट उलगडून बघायची सवय लाव. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी लंगोट चांगले भिजायला हवेत. तेवढे भिजतात म्हणजे दूध पोटात जातंय. मग कोणी तुला दूध पुरत नाही म्हणून घाबरवलं तरी ऐकू नकोस. पहिले दोन-तीन दिवस शी काळी, डांबरासारखी चिकट होते. नंतर ती पिवळी, पातळ आणि दाणेदार होते. ती हगवण नव्हे.

एका बाबतीत मात्र कोणी काहीही म्हणो, थांबायचं नाही. शी पांढुरकी किंवा मातकट झाली आणि शूचा गडद पिवळा डाग कापडावर पडू लागला, तर पित्ताची नळी बंद असण्याची शंका असते. बाळ हसतं-खेळतं दिसलं तरी ‘उन्हात धरा, कावीळ जाईल’ म्हणत दिवस घालवायचे नाहीत. तसा आजार निघालाच तर शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत होण्याने फार फरक पडतो. तो लंगोट धुऊ नकोस. पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.