एकच ऊन, दोन कामं: सोलर पॅनेलखाली स्पिरुलिना परवडतं का?

मागच्या व्हिडिओत स्पिरुलिनाच्या टाकीचा हिशेब मांडला, त्यानंतर बार्शीकडच्या एका ताईंचा लांबलचक मेसेज आला. त्यांच्या अंगणात २० बाय १० फुटांची टाकी आहे, वर हिरवी शेडनेट आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं, "नेट काढा, सोलर बसवा. जागा तीच, उत्पन्न डबल." त्यासाठी त्या सोनं गहाण ठेवायला निघाल्यात. म्हणून आजचा धडा सविस्तर घेऊ.

आधी मूळ गोष्ट. टाकीवर नेट का लावतो आपण? स्पिरुलिनाला सगळं ऊन पचत नाही म्हणून. कडक उन्हाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश उजेडातच त्याचं पोट भरतं. पाणी दाट असेल आणि नीट ढवळत असाल तर थोडा जास्त उजेड खपतो, पण मे महिन्यातलं दुपारचं ऊन त्याला भाजूनच काढतं. पाण्याचं तापमान ३५ अंशांच्या आसपास हवं. ४० च्या वर गेलं की माल पिवळा पडायला लागतो. म्हणजे दुपारचं बरंचसं ऊन आपण पैसे खर्चून अडवतोच. तेच ऊन पॅनेलने अडवलं तर वीज मिळते. कल्पना खरी आहे, त्यात फसवणूक नाही. घोळ होतो तो "डबल" या शब्दात.

ताईंची टाकी म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. बेताने धरा, रोज चौरस मीटरला ६ ग्रॅम कोरडा माल, म्हणजे दिवसाला ११० ग्रॅम. महिन्याचे २५ दिवस धरले तर पावणेतीन किलो पावडर. आता वर ५४० वॅटचे ४ पॅनेल लावले, तर टाकीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग झाकला जातो. आपल्याकडे किलोवॅटला दिवसाचे सरासरी ४ युनिट धरतात. म्हणजे रोज साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशेच्या आसपास. पावसाळ्यात कमी.

टाकीला स्वतःला यातली वीज किती लागते? ढवळायची छोटी मोटर आणि ड्रायर मिळून रोजचे दोनेक युनिट. बाकी सगळी वीज घराला किंवा नेट मीटरिंग असेल तर महावितरणच्या लाइनला. म्हणून मी म्हणतो, या जोडधंद्यात वीज ही भाकरी आहे आणि शेवाळ हे तोंडीलावणं. वीज विकायला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, बिल आपोआप कमी येतं. पावडरीला मात्र एफएसएसएआयचं लायसन्स लागतं, स्वच्छ पॅकिंग लागतं आणि महिन्याला पावणेतीन किलो घेणारी माणसं लागतात. मी स्वतः एका बाय-बॅकवाल्याच्या नादी लागून महागडं कल्चर घेतलं होतं. पहिला माल तयार झाला तेव्हा त्याचा फोन बंद. तेव्हापासून बाय-बॅकचा आकडा मी हिशेबात शून्य धरतो. तुम्हीही तसंच धरा.

(शेवाळापासून डिझेल काढायचं स्वप्न कुणी दाखवलं तर एवढंच लक्षात ठेवा: एक्झॉनमोबिलने २००९ मध्ये त्यासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी दाखवली होती आणि २०२३ मध्ये अंग काढून घेतलं.)

आता पॅनेल बसवायचे कुठे, हा खरा कौशल्याचा भाग. बहुतेक फिटर टाकीच्या बरोबर मध्यावर सांगाडा उभा करतात. तसं करू नका. मेच्या मध्यावर बार्शीकडे शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा सावली पॅनेलच्या खालीच पडते आणि नेमकी तेव्हाच ती हवी असते. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पॅनेलची खालची कड पाण्यापासून ८ फुटांवर असेल, तर सावली सुमारे ७ फूट उत्तरेला सरकते. म्हणून टाकीची लांब बाजू पूर्व-पश्चिम असेल तर पॅनेल उत्तरेकडच्या ७ फुटांवर बसवा आणि दक्षिणेकडचे ३ फूट मोकळे ठेवा. उन्हाळ्यात टाकीला सावली मिळते. थंडीत, जेव्हा पाणी गार पडून वाढ मंदावते, तेव्हा दुपारची सावली टाकीबाहेर जाते आणि पाण्याला पूर्ण ऊन मिळतं. नेट असं स्वतःहून सरकत नाही. दोन पॅनेलच्या मध्ये फूटभर फट ठेवा, म्हणजे कडेने उजेड येत राहतो. यासाठी साधे पॅनेल चालतात, महागडे अर्धपारदर्शक घ्यायची गरज नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. पॅनेल धुतल्यावर ते पाणी कुठे जातं? धूळ आणि पक्ष्यांची घाण थेट खाण्याच्या मालात! खालच्या कडेला पन्हळ लावाच, पावसाचं पाणीही त्यातूनच बाहेर काढा. नाहीतर टाकीतला खार पातळ होतो आणि सोडा परत घालत बसावं लागतं. लोखंड गॅल्व्हनाईज्ड घ्या, या खारट दमट हवेत साधं लोखंड लवकर गंजतं. अर्थिंग माहितगार वायरमनकडूनच करून घ्या.

आणि ज्यांच्या घराला पक्का स्लॅब आहे त्यांनी पॅनेल गच्चीवर टाकावेत, टाकीवर नेटच राहू द्यावी. ८ फूट उंच, वाऱ्याला टिकणारा सांगाडा नेटपेक्षा कितीतरी महाग पडतो. ताईंचं घर पत्र्याचं आहे, त्यावर वजन टाकता येत नाही. त्यांना सांगाडा कुठेतरी उभारावाच लागणार, मग तो टाकीवर का नको? शिवाय घरात पिठाची गिरणी आहे, दिवसाची वीज तिथेच खपते.

तर ताई, हिशेब असा करा. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. वर्षाचे किती युनिट पॅनेलमुळे वाचतील ते लिहा आणि त्याला तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. कर्जाचा हप्ता एवढ्याच रकमेतून निघत असेल तर पॅनेल घ्या. पावडरीचे पैसे मिळवल्यावरच हप्ता निघत असेल, तर सोनं घरातच राहू द्या.

पैसे देण्याआधी अजून एक काम. पॅनेल येणार त्या उंचीवर चार बांबूंना जुनं पोतं बांधा आणि सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावली कुठे पडते ते खडूने टाकीच्या काठावर आखून ठेवा. फोटो पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यावरूनच सांगाड्याचं माप काढू.