आधी मिनिटं मोज

चि. सोनूस,


लग्नाच्या एव्हीआय फाइलची डीव्हीडी करताना बिटरेट किती ठेवू, असं विचारलंस. सगळ्यात मोठा आकडा टाकला की चित्र सगळ्यात चांगलं येणार, असंही लिहिलंस. हा समज आधी मनातून काढ. तुझी फाइल एक्सव्हिडने दाबलेली आहे. दाबताना एकदा गाळला गेलेला तपशील कितीही बिटरेट दिलास तरी परत येत नाही. पण फाइल १२०० किलोबिटची आहे म्हणून डीव्हीडीलाही तेवढंच पुरेल, असंही धरू नकोस. एमपेग-२ हे जुनं तंत्र. तेवढ्याच चित्रासाठी त्याला कितीतरी जास्त बिट लागतात.

आता हिशेब. साध्या डिस्कमध्ये ४.७ जीबी, म्हणजे ४७० कोटी बाइट मावतात. आठने गुणलेस की ३७६० कोटी बिट. तुझी फाइल दोन तासांची धरली तर ७२०० सेकंद. भागाकार येतो सेकंदाला सुमारे ५२०० किलोबिट. त्यातून मेनू आणि फाइलच्या बांधणीसाठी चार-पाच टक्के सोड, डॉल्बी आवाजाचे १९२ वजा कर. चित्रासाठी ४८०० च्या आसपास उरतात. तुझा आकडा हाच. कार्यक्रम तासाभराचा असला तर हिशेबाने दहा हजारांच्या घरात जाशील, पण डीव्हीडीत चित्राची मर्यादा ९८०० आहे. घरी बर्न केलेल्या डिस्कवर मी ८००० च्या वर जात नाही, कारण जुने प्लेअर तिथे अडखळतात.

हा आकडा सरासरीचा आहे, आणि खरं काम इथून सुरू होतं. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाट स्थिर, माणसं स्थिर. तिथे थोडक्यात भागतं. शेवटचं ‘सावधान’ झालं की अक्षता उडतात, फ्लॅश चमकतात, वाजंत्री सुरू होते, आणि प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमहून वेगळी होते. बिट कमी पडले तर नेमक्या त्याच क्षणी चित्राचे चौकोन फुटतात. घरचे तो क्षण पुन्हा पुन्हा बघतात! म्हणून सगळीकडे सारखा बिटरेट न ठेवता टू-पास व्हीबीआर निवड. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर कुठे किती धावपळ आहे ते पाहतं, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटप करतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो. लागू दे.

आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला, ठेवू नकोस. तो एकटाच १५३६ किलोबिट खातो. आपल्याकडची डिस्क पालमध्ये, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. सगळी फाइल लावण्याआधी अक्षतांचं एकच मिनिट काढ, री-रायटेबल डिस्कवर बर्न कर आणि घरच्या टीव्हीवर बघ. लॅपटॉपच्या पडद्यावर ठरवू नकोस.

हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात असं चार तासांचं सगळं लग्नघरच्यांनी एकाच डिस्कवर मागितलं, तर चित्राला २३०० च्या आसपासच उरतात. अर्ध्या रुंदीचं, ३५२ बाय ५७६ चं चित्र डीव्हीडीत चालतं, पण वरातीतल्या नाचाला मी ते देणार नाही. त्यांना स्पष्ट सांग आणि दोन डिस्क कर. मूळ फाइल मात्र पुसू नकोस. पुढे कधी दुसरी प्रत लागली तर डीव्हीडीवरून काढू नकोस, त्या फाइलवरूनच काढ.

तुझा,
मामा