फोन नवा घे, प्लॅनला हात लावू देऊ नकोस

बाळा, नवा फोन घ्यायचा म्हणतेस, जरूर घे. तुझ्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते आणि आईशी बोलता बोलता तू गायब होतेस, हे एडिसनपासून पुण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरच्या खात्यातली जी लाइन तुला दिली आहे, तिच्यावर जुना अनलिमिटेड डेटा आहे. तो प्लॅन आज अमेरिकेतल्या कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. इथे त्याला ग्रँडफादर्ड म्हणतात. नव्या गिऱ्हाइकाला तो देत नाहीत, जुन्याचा चालू ठेवतात, आणि एकदा सुटला की परत देत नाहीत. म्हणून बाहेर पडायच्या आधी मावशीचं एवढं वाचून जा.

१. फोन ही एक खरेदी आणि प्लॅन ही दुसरी, हे आधी मनात पक्कं कर — प्लॅन लाइनला लागलेला असतो, यंत्राला नाही. यंत्र कितीदाही बदललं तरी प्लॅन जायचं काही कारण नसतं.

२. फोन अनलॉक्ड घे, पूर्ण पैसे भरून घे आणि शक्यतो मोबाइल कंपनीच्या दुकानाबाहेर घे — कंपनीच्या काउंटरवर ज्या स्क्रीनवर फोनची ऑर्डर जाते, त्याच स्क्रीनवर प्लॅनही बदलता येतो.

३. पैसे साठेपर्यंत थांब, नाहीतर एक मॉडेल जुना घे. घाईत केली सही, वर्षभर चाळा वही — गेल्या वर्षीचा फोनही तुझे फोटो तितकेच छान काढेल, आणि तुझ्या मालिका त्यावर तितक्याच रात्री उशिरापर्यंत चालतील.

४. मोठ्या दुकानांत एकाच फोनच्या दोन किमती दिसल्या, तर स्वस्त किमतीखाली काय लिहिलंय ते वाच — बहुधा ती 'आत्ताच ॲक्टिव्हेट करा' या अटीची असते. म्हणजे फिरून कंपनीच्याच काउंटरवर आलीस. ॲपलच्या दुकानात कुठली कंपनी असं विचारलं, तर 'नंतर जोडते' म्हण.

५. 'फोन फुकट' अशी पाटी दिसली की आधी हिशेब मांड. फुकटाचा फोन, छत्तीस महिन्यांचं लोन — व्हेरायझन आणि एटी अँड टीकडे ही सवलत सहसा ३६ महिने थोडी थोडी करून बिलात जमा होते, आणि ती मिळण्यासाठी बहुतेक वेळा त्यांनी ठरवलेला नवा प्लॅन घ्यावा लागतो. तो प्लॅन जुन्यापेक्षा महिन्याला २५ डॉलरने महाग निघाला, तर ३६ महिन्यांत ९०० डॉलर जातात. ८०० डॉलरचा फोन त्या पैशात रोख आला असता, वर हॉटेलात जेवणही झालं असतं.

आता थोडं मागचं सांगते. ते कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. एटी अँड टीने जून २०१० मध्ये नव्या ग्राहकांना अनलिमिटेड डेटा देणं बंद केलं. व्हेरायझनने जुलै २०११ मध्ये तेच केलं. दोन्हीकडे तो महिना ३० डॉलरला मिळायचा. ज्यांच्याकडे आधीपासून होता त्यांचा राहिला. मग जून २०१२ पासून व्हेरायझनने नवी अट घातली, की दोन वर्षांच्या करारावर सवलतीत फोन घेतलात तर अनलिमिटेड गेला, पूर्ण किंमत भरलीत तर राहिला. त्या काळी करारावर २०० डॉलरला मिळणारा आयफोन पूर्ण किमतीला साडेसहाशेला पडायचा. तरी ज्यांना डेटा लागायचा त्यांनी साडेसहाशे मोजले, आणि ते शहाणपणाचंच होतं. तुला वर दुसऱ्या क्रमांकावर सांगितलं ते तिथून आलंय.

पुढे भावही वाढले. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हेरायझनने या जुन्या लाइनींवर महिना २० डॉलर चढवले, फेब्रुवारी २०१६ मध्ये एटी अँड टीने ५ डॉलर. २०१६ मध्येच महिन्याला १०० जीबीच्या कितीतरी वर डेटा ओढणाऱ्यांना व्हेरायझनने कळवलं, की नवा प्लॅन घ्या नाहीतर लाइन बंद होईल. फेब्रुवारी २०१७ पासून व्हेरायझन पुन्हा सगळ्यांना अनलिमिटेड विकू लागली, पण नव्या दराने आणि नव्या अटींवर. हे सगळं बघून माझं एक मत झालंय. कंपनी जुना प्लॅन सहसा हिसकावून घेत नाही. तो तुझ्याच सहीने सुटावा, याची ती वाट बघते. म्हणून सही जपायची.

६. निघायच्या आदल्या दिवशी खात्यात लॉगिन करून प्लॅनच्या पानाचे स्क्रीनशॉट काढ आणि शेवटच्या दोन बिलांच्या पीडीएफ उतरवून ठेव — प्लॅनचं अचूक नाव आणि दर हाताशी असला तर पुढे बोलणं सोपं जातं. 'आमचा तो जुनावाला' एवढ्यावर फोनवरचा कुणी काही शोधून देत नाही.

७. फोन घ्यायच्या आधी त्याचा आयएमईआय नंबर कंपनीच्या वेबसाइटवर तपासून घे. हातात फोन असेल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की नंबर दिसतो — ३जी आता नाही. एटी अँड टीचं २२ फेब्रुवारी २०२२ ला बंद झालं, व्हेरायझनचं त्याच वर्षाच्या अखेरीला. फोनला ४जीवरून कॉल करता येत नसेल तर डेटा अनलिमिटेड असून आवाज मात्र जायचा नाही.

८. पुण्याहून येणाऱ्या कुणाकडून फोन मागवू नकोस, कितीही स्वस्त मिळाला तरी — भारतातल्या मॉडेलमध्ये इथले सगळे बँड असतीलच असं नाही, आणि एटी अँड टी आपल्या यादीत नसलेला फोन नेटवर्कवर घेत नाही. मागवायचंच असेल तर आजीच्या हातचं मेतकूट मागव.

९. वापरलेला फोन घेणार असशील तर तो चोरीला गेल्याची नोंद नाही ना, त्याचे हप्ते थकलेले नाहीत ना आणि आधीच्या मालकाचं ॲपल किंवा गूगल खातं त्यातून काढलंय ना, हे तिन्ही पाहून मगच पैसे दे — यातलं एक जरी राहिलं तर फोन उघडणार नाही किंवा नेटवर्कवर चढणार नाही.

१०. जुन्या फोनमधलं सिम नव्या फोनमध्ये बसत असेल तर गुपचूप बसव आणि कुणाला काही विचारत बसू नकोस — हा सगळ्यांत सुरक्षित रस्ता आहे. यात खात्यातली एक ओळही बदलत नाही.

११. आयफोन घेणार असशील तर हे आधी ऐक: आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना सिमचा कप्पाच नाही. लाइन ई-सिमवर न्यावी लागते, आणि ती फोनच्या सेटिंगमधूनच न्यावी — दोन्ही फोन शेजारी, दोन्ही चार्ज केलेले, दोन्ही अद्ययावत, आणि जुना फोन पुसायची घाई नाही. नव्यावर कॉल, मेसेज आणि डेटा तिन्ही चालल्याचं बघ, मगच जुना रिकामा कर.

१२. म्हणूनच भारतातलं तुझं सिम तिथे जाशील तेव्हाच ई-सिम करून आण. जिओ, एअरटेल, व्हीआय तिघेही करून देतात. आणि त्याचं रिचार्ज चुकवू नकोस — बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो, आणि नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. मग बँकेत खेटे घालायला बाबांना पाठवशील, आणि त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत.

१३. घरच्या खात्याला पासकोड आहे, तो कुणाला सांगू नकोस. नंबरावरचं लॉकही लावलेलंच ठेव — आपला नंबर परस्पर दुसऱ्या सिमवर वळवून बँक खाती रिकामी करणारे चोर इथे आहेत. मात्र ई-सिम बदलायच्या वेळी लॉक काढावं लागेल, आणि काम झालं की तिथेच परत लावायचं, नंतर नाही.

१४. दुकानात किंवा चॅटवर गेलीस तर पहिलं वाक्य हेच: 'फक्त फोन बदलायचाय, नो प्लॅन चेंज.' समोरचा हसून 'बघू या, याहून चांगलं काही आहे का' म्हणाला तरी तेच वाक्य परत, तितक्याच गोड आवाजात — तो आपलं काम करतोय, त्याच्यावर रागावायचं नाही. तू आपलं काम कर.

१५. 'प्लॅनला काही होणार नाही' असं कुणी सांगितलं तर ते चॅटवर लिहून घे आणि जपून ठेव. बोलण्याला वजन नाही, लिहिण्याला वय नाही — पुढच्या महिन्यात दुसराच माणूस फोन उचलतो, आणि त्याच्यासमोर फक्त कागद असतो.

१६. सही करायच्या स्क्रीनवर 'प्लॅन' हा शब्द दिसला की बोट वर उचल आणि सगळं वाच. मागे रांग असली तरी वाच — फोन आवडला नाही तर ठरलेल्या दिवसांत परत करता येतो, प्लॅन तसा परत मिळेलच असं नाही.

१७. फोन घेतल्यावर त्याच रात्री खातं उघडून प्लॅनचं नाव पाहा, मग पुढची दोन बिलं ओळ न ओळ पाहा — बदल चुकून झाला असेल तर पहिल्याच दिवसांत तो उलटवून मिळायची आशा असते. विचारून बदल, बदलून विचारू नकोस.

१८. दोन-तीन महिन्यांसाठीही नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेऊ नकोस — नंबर गेला की लाइन बंद होते, आणि लाइन बंद झाली की तिच्यावरचा प्लॅनही संपला. सुट्टीत भारतात लांब राहायचं असेल तर लाइन तोडण्याऐवजी काय करता येईल ते आधी विचार.

१९. बिलाचे पैसे वेळेवर जाऊ देत. ऑटोपेला जोडलेलं कार्ड बदललं तर त्याच दिवशी खात्यात नवं घाल — थकबाकीने लाइन बंद पडली तर ती त्याच प्लॅनवर उघडेल याची खात्री कुणी देत नाही.

२०. खातं काकांच्या नावावर आहे, ते तसंच राहू दे. लग्न झालं की आपलं वेगळं खातं करावंसं वाटेल, ते मला समजतं, पण तेव्हाही आधी लेखी विचार — लाइन एका नावावरून दुसऱ्या नावावर नेताना जुना प्लॅन गळून पडू शकतो.

आता या प्लॅनवर तुझी मावशी भाळली आहे असं समजू नकोस. जुनं म्हणून काही जपायचं नसतं, उपयोगी पडतं तोवर जपायचं. 'अनलिमिटेड' या शब्दाखाली काय असतं तेही बघायला हवं. एटी अँड टी २०११ पासून जुन्या अनलिमिटेडवाल्यांचा वेग ठरावीक वापरानंतर कमी करत होती, कधी महिन्याला दोन जीबी झाल्यावरच. फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये त्यावर खटला भरला. पस्तीस लाखांहून अधिक ग्राहकांना याची झळ पोचली असं कमिशनचं म्हणणं होतं, आणि २०१९ मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर द्यायचं कबूल करून ते प्रकरण मिटवलं. डेटा संपत नव्हता, पण व्हिडिओही पुढे सरकत नव्हता. असा डेटा असून उपयोग काय?

२१. म्हणून गेल्या तीन महिन्यांचा तुझा डेटा किती झाला ते बिलात बघ — घरी वायफाय, ऑफिसात वायफाय, आणि बाहेर महिन्याला चार जीबी, असं असेल तर हा प्लॅन तू जपतेस की नुसतीच त्याचे पैसे भरतेस, याचा विचार करायला हवा.

२२. लॅपटॉपला हॉटस्पॉट लागतो का, ५जी हवं का, हेही त्याच वेळी तपास — अनेक जुन्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉट नाही, काहींत ५जी नाही, आणि ट्रेनमध्ये बसून काम करणाऱ्या मुलीला त्याची गरज पडते.

२३. सोडायचाच ठरला तर मनाने सोड, विक्रेत्याच्या आग्रहाने नाही. आधी नव्या प्लॅनचा कर आणि फी धरून महिन्याचा आकडा कागदावर लिही, शेजारी जुन्याचा लिही, काकांना दाखव — त्यांचं बिल आहे, आणि आकडे त्यांना आवडतात.

माझा अंदाज विचारशील तर तुझी ही लाइन अजून ठेवण्यासारखी आहे. तू रोज ट्रेनने न्यूयॉर्कला जातेस, तासन्‌तास व्हिडिओ पाहतेस आणि रविवारी आईला अर्धा दिवस व्हिडिओ कॉलवर ठेवतेस. एवढा डेटा या दरात नव्याने मिळणार नाही. शनिवारी फोन घ्यायला जाशील तेव्हा काउंटरवर काही अडलं, तर सही करायच्या आधी मला फोन कर. मी घरीच आहे.