रात्री दीड वाजता चॅटबॉटशी बोलणारी मुलगी

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. परीक्षेच्या दिवसांत ती रात्री मोबाइलवरच्या चॅटबॉटशी मराठीत बोलत बसते. म्हणते, मन हलकं होतं. यंत्राला माणसाचं मन कळतं का? तिला बोलू द्यावं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मन कळत नाही, पण तिला हलकं वाटतं हे खरं आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा प्रोग्राम जगासमोर आणला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारण्यापलीकडे त्याला फारसं काही येत नव्हतं, तरी लोक त्याच्याजवळ मनातलं बोलू लागले. खुद्द वायझेनबॉमही यामुळे अस्वस्थ झाले.

नंतरचे काही बॉट विचार तपासायला शिकवतात. मुलगी म्हणाली, ‘मी नापासच होणार’, तर बॉट विचारतो, ‘असं कशावरून वाटतं? मागच्या सेमिस्टरला काय झालं होतं?’ समुपदेशकही हीच पद्धत वापरतात. २०१७ मध्ये ७० तरुणांवर ‘वोबॉट’ या चॅटबॉट अ‍ॅपचा प्रयोग झाला आणि त्यातल्या बॉट वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं दोन आठवड्यांत कमी झाली. पण ७० जण आणि दोन आठवडे, एवढ्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. ते अ‍ॅपही २०२५ मध्ये बंद झालं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मुलं रात्री लिहितात, ‘बॅकलॉग राहिला यार, घरी काय तोंड दाखवू, एकदाचं सुटावं वाटतंय.’ सुटावं ते परीक्षेतून की जगण्यातून? मराठी-इंग्रजीची सरमिसळ असलेल्या अशा वाक्यातला धोका बॉटच्या नजरेतून निसटू शकतो. जाणकार माणूस तिथे थांबतो आणि सरळ विचारतो, ‘जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?’ असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, ही भीती अनेक आईवडिलांना वाटते. तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हा प्रश्न तुम्हीही लेकीला विचारू शकता.

तेव्हा बोलू द्या. चोरून बोलायची वेळ मात्र तिच्यावर आणू नका. नाव, कॉलेज, औषधं असे तपशील बॉटला देऊ नकोस, एवढं सांगा. झोप उडाली, जेवण कमी झालं, मैत्रिणींशी बोलणं थांबलं, तर बॉटवर विसंबू नका. १४४१६ हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. तो आजच तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. शिवाय १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे. तिच्या कॉलेजात तो आहे का आणि कोणत्या वेळेत भेटतो, हे प्राचार्यांना लेखी विचारा.