मुक्कामाची गाडी: जुनी फोर बाय फोर निवडताना

राहण्यासाठी जुनी फोर बाय फोर बघायला जाताना मोजपट्टी, टॉर्च आणि जमिनीवर अंथरायला एक जुनी चादर बरोबर घ्या. मोजपट्टी झोपायच्या जागेसाठी, चादर गाडीखाली शिरण्यासाठी आणि टॉर्च तिथला गंज पाहण्यासाठी. ट्रेकर मंडळी बहुतेक वेळा उलट्या क्रमानं जातात. रुंद टायर, विंच, छतावरचे दिवे पाहून मन ठरतं आणि झोपायचं कसं, हा प्रश्न पैसे दिल्यावर सुचतो. माझं म्हणणं असं, की आधी चासी आणि झोपायची जागा पाहावी. फोर बाय फोर त्यानंतर, आणि तीही नीट तपासून.

फोर बाय फोर व्हॅन म्हटलं की फोक्सवॅगनची सिंक्रो, मित्सुबिशीची डेलिका, टोयोटाची हायएस अशी परदेशातली चित्रं डोळ्यांसमोर येतात. त्या गाड्या आपल्या जुन्या बाजारात नाहीत. आपल्याकडे व्हॅन म्हणून जे सहज मिळतं, म्हणजे ओम्नी, ईको, विंगर, फोर्स ट्रॅव्हलर, ते दोन चाकांवर ओढणारं. ज्यांना गाडीत उभं राहून कपडे बदलायचे आहेत, कुटुंबासह आठवडे काढायचे आहेत आणि जे डांबर फारसं सोडणार नाहीत, त्यांनी खुशाल ट्रॅव्हलर घ्यावी. फोर बाय फोरच हवी असेल तर तीन वाटा उरतात: मागची जागा मोकळी करता येईल अशी लांब एसयूव्ही, मागे कॅनोपी बसवलेला डबल कॅब पिकअप, किंवा छतावर तंबू लावलेली जिप्सी-थारसारखी छोटी गाडी.

यातली कोणती, हे तुम्ही जाता कुठे त्यावर ठरतं. हरिश्चंद्रगडासाठी पाचनईला, रतनगडासाठी रतनवाडीला, सांधण दरीसाठी साम्रदला साधी कारही पोहोचते. फोर बाय फोर लागते ती गाव सोडून शेताकडेला मुक्कामाला उतरताना, पावसात निसरड्या लाल मातीचा चढ काढताना, किंवा हिमालयात. ग्रांफूहून बातलकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुपारी वितळलेल्या बर्फाचं पाणी नाल्यांतून वाढतं आणि तळातले धोंडे दिसेनासे होतात. अशा जागी चारही चाकांच्या ओढीइतकाच लो रेशो कामाचा. सामानानं भरलेली गाडी चालण्याच्या वेगानं, क्लच न जाळता वर चढते ती त्याच्यामुळे. म्हणून मागच्या दारावर ४x४ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. टाटा हेक्साची फोर बाय फोर प्रवासाला उत्तम आणि आतून ऐसपैस, पण तिला लो रेशो नाही. सफारी स्टॉर्म, स्कॉर्पिओ, गुरखा, जिप्सी, इसुझू व्ही-क्रॉस यांच्या फोर बाय फोर गाड्यांना तो आहे.

एका गोष्टीसाठी मात्र ही गाडी घेऊ नका: समुद्रकिनाऱ्यावर पळवायला. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास कायद्यानंच मनाई आहे. वेळाससारख्या कोकणातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि वाळूखालचं घरटं टायरखाली जाताना वर काहीही दिसत नाही. सह्याद्रीतल्या सड्यांचंही तसंच. कातळावरच्या चार बोटं मातीत वर्षातले काही आठवडेच जगणाऱ्या वनस्पती असतात. तिथे चाकोरी सोडून गाडी घालणं म्हणजे जे पाहायला गेलो तेच चिरडणं.

आता मोजपट्टी. पुढची सीट तुम्ही गाडी चालवताना ठेवता तिथे ठेवा आणि तिच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत अंतर मोजा. तुमची उंची अधिक अर्धी वीत, एवढी लांबी हवी. पाच फूट आठ इंच उंचीचा माणूस म्हणजे १७३ सेंटीमीटर, तेव्हा १८५ धरून चाला. मग उंची पाहा. मध्यम चणीचा माणूस ताठ बसला तर बैठकीपासून डोक्यापर्यंत साधारण ९० सेंटीमीटर होतात. झोपायच्या ओट्याखाली ३० सेंटीमीटरचे कप्पे करायचे मनात असेल तर बहुतेक एसयूव्हीत बसणं संपतं, फक्त झोपणं उरतं. एका रात्रीला चालतं. पण दोन दिवस पाऊस लागला आणि गाडीतच बसावं लागलं की मान आखडते, त्यामुळे कप्पे बुटके ठेवा. विकणाऱ्याला सांगून मागे प्रत्यक्ष आडवं होऊन पाहा. दोघं राहणार असाल तर दोघांनीही.

या कसोटीवर मला सफारी स्टॉर्म फोर बाय फोर आवडते. तिच्या अगदी मागच्या सीट बाजूला तोंड करून असलेल्या, घडीच्या. त्या दुमडल्या की मागे रुंद सपाट जागा मिळते. गाडी २०१९ मध्ये बंद झाली असली तरी टाटाची कामं जाणणारे फिटर गावोगाव आहेत. गुरखा उंच आहे आणि तिला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक मिळतात. जुन्या २.६ लिटर इंजिनची गुरखा महामार्गावर संथ चालते, पुण्याहून मनाली गाठायला तिला वेळही लागतो, पण वाईट रस्त्यावर तिच्याइतकी निर्धास्त गाडी मी दुसरी सुचवणार नाही. राहायचं असेल तर पाच दारांचीच पाहा. व्ही-क्रॉस किंवा जुनी गेटअवे यांच्या मागच्या हौद्याची लांबी पाच फुटांच्या आसपास. कॅनोपी लावूनही पाय हौद्याची मागची फळी पाडूनच पसरावे लागतात, आणि तिथल्या फटीतून धूळ नि पाणी आत येतं. सामान भरपूर आणि झोपायला वेगळा तंबू, असं राहणाऱ्यांना पिकअप बरा. जिप्सी १९८५ पासून आपल्या डोंगरांत फिरते आहे. हलकी, दुरुस्तीला सोपी, पण आत एकाच माणसानं अंग मुडपून झोपावं एवढीच जागा. छतावरचा तंबू हिवाळ्यात सुखाचा. जुलैत घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात तो रात्रभर फडफडतो आणि सकाळी ओलाच घडी करावा लागतो.

जागा पटली की चादर अंथरून गाडीखाली जा. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच सगळं पैसे टाकून नवं होतं. सडलेली चासी होत नाही. मुंबई आणि कोकणपट्टीतल्या गाड्यांना खारी हवा लागते. गंज चाकांवरच्या कमानींच्या आत, पायदानाच्या पोटात, पाट्यांच्या शॅकलपाशी आणि बॉडी चासीला जिथे बोल्टनं बसते तिथे सुरू होतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द. खालून नुकताच काळा रंग किंवा कोटिंग मारलं असेल तर ते कशासाठी मारलं हे विचारा, आणि समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही तर ती गाडी सोडा. चासीला जोड दिलेला, वेल्डिंग केलेलं दिसलं, विशेषतः चासी नंबराच्या आसपास, तर किंमत कितीही कमी असो, पुढे बोलू नका.

पुरात बुडालेली गाडी हा आपल्याकडचा खास धोका. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूणमध्ये घरांबरोबर गाड्याही पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून छान दिसते, मात्र वायरिंग पुढे वर्षानुवर्षं त्रास देत राहतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आत राहिलेला भाग मातकट असतो. गालिचा उचला. सीटच्या रुळांवरचा गंज, डॅशबोर्डखाली हिरवट पडलेले वायरिंगचे जोड आणि हेडलाइटच्या आत तळाशी साचलेली बारीक माती, यातलं काहीही दिसलं तर ती गाडी रात्री राहण्यासाठी नाही.

मग फोर बाय फोरची यंत्रणा. कित्येक मालकांनी ती घेतल्यापासून एकदाही लावलेली नसते. लिव्हर जाम होतो, पुढच्या हबना जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्या तडकतात, शिफ्ट करणारी मोटर गंजते. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढायला लागली असं नाही. विकणाऱ्याला मोकळ्या, भुसभुशीत मातीच्या मैदानावर बोलवा. फोर-हाय लावून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि अगदी हळू गोल फिरा. जिप्सी, थार, स्कॉर्पिओसारख्या पार्टटाइम यंत्रणेत पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, त्यामुळे वळताना गाडी अडखळल्यासारखी, जड वाटायला हवी. ती सहज फिरली तर पुढची चाकं बहुधा जोडलीच गेलेली नाहीत. हीच परीक्षा कोरड्या डांबरावर करू नका. तिथे चाकं घसरू शकत नाहीत आणि ताण ट्रान्सफर केसवर येतो. मग गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकून फोर-लो, म्हणजे लो रेशो, लावा. पहिल्या गिअरमध्ये ती मुंगीच्या वेगानं पुढे सरकली पाहिजे आणि गिअर सुटून बाहेर येता कामा नये. स्टिअरिंग वळवलेलं असताना पुढून कट्‌कट् आवाज आला तर एक्सलचे जोड झिजलेत. गाडी पुढे-मागे करताना खालून ठक्क आवाज आला तर शाफ्टच्या क्रॉसमध्ये खेळ आहे. ही दोन्ही कामं भाव कमी करायला पुरेशी, गाडी नाकारायला नव्हेत.

तेल मात्र काढून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांचं तेल थोडं काढायला लावा. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, चमचमतं असेल तर दात झिजताहेत. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, नाहीतर फोर बाय फोर लावल्यावर यंत्रणेवर कायमचा ताण राहतो. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा: ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी फार जुना टायर धोक्याचा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. गाडी आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगा आणि बॉनेटवर हात ठेवून ती खरोखर गार आहे ना ते बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर आला तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं की वाफ भसाभस बाहेर येत असेल तर पिस्टन रिंगा थकल्या आहेत. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुधा धुराचा फिल्टर असतो. तो स्वच्छ राहायला गाडी अधूनमधून लांब, वेगानं पळवावी लागते. आठवडाभर एका जागी आणि मग चार किलोमीटर, असं फिरणाऱ्यानं बीएस-४ चा विचार करावा.

कागदांना एक अख्खा दिवस द्या. आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर स्वतः वाचून ताडा, बँकेचा बोजा उतरलाय का पाहा, थकलेली चलनं तपासा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १३ वर्षांची गाडी घेताना हा हिशेब किमतीत धरा. दिल्ली परिसरात १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात मिळत आल्या आहेत. पण ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि १२ महिन्यांच्या आत इथलं पासिंग, हे सगळं मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते ते आधी मांडून पाहा. बोलेरो कॅम्परसारखा पिकअप बहुधा पिवळ्या पाटीचा मालवाहू असतो, म्हणजे ठरावीक मुदतीनं फिटनेस आलाच.

आत बदल किती करायचे, याला कायद्याची चौकट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी विसंगत होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच कडकपणे सांगितलं. त्यामुळे सीट कापून, वेल्डिंग करून पलंग बसवू नका. सीट दुमडून वर ठेवायचा, बोल्ट किंवा पट्ट्यांनी बांधायचा, हवा तेव्हा काढता येणारा प्लायवूडचा ओटा करा. दुसरी बॅटरी बसवली तर फ्यूजसह, जाणत्या माणसाकडून, आणि विमा कंपनीला कळवून.

आणि गॅस. दारं-खिडक्या लावून आत स्टोव्ह पेटवायचा नाही, थंडीत शेगडी आत घ्यायची नाही, इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही. स्वयंपाक मागच्या दाराबाहेर, ताडपत्रीखाली करा. रात्री दोन बाजूंच्या काचा बोटभर खाली आणि त्यांना मच्छरदाणीचं कापड लावा. आतली ओलही त्यामुळे कमी धरते.

गाडी हातात आल्यावर पहिला खर्च दिसणाऱ्या गोष्टींवर करू नका. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल यांचं तेल, कूलंट, ब्रेक ऑइल, पट्टे आणि रबरी नळ्या एकदम बदला. खरेदीच्या रकमेच्या पाचव्या हिश्शाएवढे पैसे यासाठी आणि टायरसाठी आधीच बाजूला काढलेले असावेत. मग वॉशिंग सेंटरला नेऊन छतावर नि दारांच्या रबरांवर जोरात पाणी मारा, आत बसून टॉर्चनं पाहा, थेंब जिथे आत येईल तिथे खडूनं खूण करा. गळती बंद केली की साधी गादी टाकून दोन-तीन मुक्काम करा: पायथ्याच्या गावात कुणाच्या अंगणात, किंवा पोलीस पाटलांना विचारून शाळेच्या आवारात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलात गाडी लावून राहू नका. डोकं कुठल्या बाजूला करून झोप येते, बूट कुठे ठेवावेसे वाटतात, रात्री पाण्याची बाटली कुठल्या हाताला हवी, हे या मुक्कामांत कळेल. सुताराला बोलवायचं ते त्यानंतर.