आधीं विचारावें, मग उभारावें

शुभवर्तमानांतील दोन प्रसंग आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असतील. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तीमय येशूपुढें आला, तेव्हां त्याचें दुःख सर्वांस दिसतच होतें. तरीही त्याची इच्छा काय आहे, हें येशूनें प्रथम त्यालाच विचारलें. दुसऱ्या प्रसंगीं झटके येणाऱ्या मुक्या मुलाला त्याचा बाप घेऊन आला. तेथें मुलाची ही अवस्था केव्हांपासून आहे, हें येशूनें बापास विचारलें. एके ठिकाणीं दुःख भोगणाऱ्याचें ऐकून घेतलें, दुसऱ्या ठिकाणीं त्याला सांभाळणाऱ्याचें. तरुण मुलांच्या मनाच्या आरोग्यासाठीं जी सोय करावयाची, तिच्याविषयीं आज आम्हांस जें सांगावयाचें आहे, त्याचें सार या दोन प्रश्नांत आहे.

मनाचे विकार थोरांनाच होतात, अशी समजूत आहे. ती खरी नाहीं. यांपैकीं सुमारें निम्मे विकार वयाच्या १४ व्या वर्षाच्या आंतच सुरू होतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशांत २०१५-१६ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. तींत १३ ते १७ वर्षांच्या मुलांत असे विकार असणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ७.३ आढळलें. साठ मुलांच्या वर्गांत हा हिशेब केला, तर चार-पांच मुलें निघतात. तीं लंगडत नाहींत, खोकत नाहींत. म्हणून आपल्या लक्षांत येत नाहींत.

आमच्या हातखंब्यास तिठा आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गास रत्नागिरीचा रस्ता येथेंच फुटतो. त्या रस्त्यानें कांहीं मैल गेलें कीं रत्नागिरी शहर लागतें, आणि तेथें प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यांत अशीं रुग्णालयें थोडींच. त्यांतील एक आपल्या इतक्या जवळ असावें, हें भाग्यच म्हटलें पाहिजे. असें असून त्या रुग्णालयाचें नांव आपण बहुधा थट्टेंतच घेतों. वर्गांत कोणी वेडेंवांकडें बोललें, कीं त्याला तिकडे पाठविण्याची भाषा होते. ज्या मुलाच्या मनांत खरोखरच कांहीं दुखत असतें, तें ही थट्टा ऐकतें व अधिकच गप्प होतें.

समजा, एखाद्या वाडींतील नववींतला मुलगा महिनाभर नीट झोपलेला नाहीं. पुस्तक उघडतो, पण डोळ्यांपुढें अक्षर ठरत नाहीं. वडील मुंबईस नोकरीला. ते गणपतींत आणि शिमग्याला घरीं येणार. आई काजूच्या कारखान्यांत. घरीं आजी आहे. ती प्रथम देवळांत कौल लावते, मग कोणाकडून अंगारा आणते. तिची माया खोटी नाहीं, म्हणून तिला हंसून चालणार नाहीं. पण ती तेवढ्यावरच थांबली, तर मोलाचा काळ निघून जातो. पुढें कोणी डॉक्टरांचें नांव सुचविलें, तरी सकाळच्या एस.टी.नें जावयाचें म्हणजे शाळा बुडवावयाची. गाडींत शेजारी विचारणार, “कुठें निघालांत?” तेथें पोहोंचल्यावर दारावरची पाटी वाचून ओळखीचा मनुष्य पाहणार. ज्यानें ही सोय केली, त्यानें खोली दिली, डॉक्टर नेमला, वेळ ठरविली, परंतु एस.टी.चा, पाटीचा आणि शेजाऱ्याचा विचार त्याच्या मनांत आला नसेल. तो विचार त्या मुलालाच ठाऊक असतो, त्याच्या आईलाच ठाऊक असतो. त्यांना विचारल्याशिवाय केलेली सोय रिकामी पडते, आणि मग मुलें येतच नाहींत असा दोष मुलांवरच येतो.

हें तत्त्व कायद्यानेंही मानलें आहे. १९१२ च्या ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’ या कायद्याच्या नांवांतच वेडाचा उल्लेख होता. त्याच्या जागीं १९८७ चा कायदा आला व त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला. या नव्या कायद्यानें राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर, हा आजार भोगलेल्यांचे दोन व काळजीवाहकांचे दोन प्रतिनिधी घेण्यास सांगितलें आहे. रुग्णालयांत ठेवावें लागलें, तर अल्पवयीन मुलास प्रौढांपासून निराळें ठेवावें व त्याच्या घरचें किंवा त्यांनीं नेमलेलें माणूस सतत त्याच्याजवळ असावें, असाही त्यांत नियम आहे. मात्र प्राधिकरणाच्या जागांच्या यादींत अल्पवयीनांचा वेगळा उल्लेख नाहीं. ती उणीव गांवानें व शाळेनें भरून काढावयाची आहे.

ही गोष्ट होण्यासारखी आहे, याचें उदाहरण आपल्या शेजारींच सांपडतें. गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेनें गोवें व दिल्ली येथील शाळांसाठीं मनाच्या आरोग्याची सेवा तयार केली. तसें करतांना तिनें मुलें, पालक, शिक्षक व उपचार करणारे या सर्वांस विचारलें. पुढें ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नांवाचा मोबाइलवरील एक खेळ तयार झाला, तोही मुलांच्याच सल्ल्यानें. अडचण कोणती तें ठरवावें, तीवरील पर्याय मांडावेत, त्यांतील एक करून पाहावा, अशा तीन पायऱ्या त्यांत शिकविल्या आहेत. दूर ऑस्ट्रेलियांत २००६ सालीं सुरू झालेल्या ‘हेडस्पेस’ या तरुणांच्या केंद्रांतही तरुणांच्या सल्लागार मंडळ्या आहेत. आपल्या सरकारनें २०१४ सालीं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यांत गांवोगांवच्या मुलामुलींतूनच ‘साथिया’ निवडावयाचे असतात. पाया घातलेला आहे. भिंत आपण चढवावयाची आहे.

ती कशी चढवावी? पहिली गोष्ट, मुलांस नांव न लिहितां मत देऊं द्यावें: कोठें बसून बोलणें सोपें जाईल, कोणत्या वेळीं, कोणाशीं, पाटीवर कोणते शब्द असावेत. दुसरी, पालकांची सभा गणपतींत घ्यावी. तेव्हां चाकरमानी बापही घरीं असतो. आज्यांनाही बोलवावें, कारण पुष्कळ घरीं मुलाची झोंप आणि जेवण त्याच पाहतात. तिसरी, जें विचारलें त्याचें काय झालें, तें परत येऊन सांगावें. एकदां विचारून पुन्हां न फिरकणाऱ्यावर मुलें दुसऱ्यानें विश्वास ठेवीत नाहींत.

मुलें आणि पालक यांचें म्हणणें नेहमीं एकच असेल असें नाहीं. मुलाला वाटतें, माझें बोलणें घरीं कळूं नये. आईला वाटतें, माझ्यापासून कांहीं लपवूं नये. दोघांचेंही बरोबर आहे. म्हणून कोणती गोष्ट गुप्त राहील व कोणती सांगावीच लागेल, हें दोघांसमोर आधींच ठरवावें. जिवास धोका असेल, तर गुप्ततेचें वचन राहत नाहीं; त्याच दिवशीं मोठ्या माणसास सांगितलें पाहिजे. त्याचप्रमाणें, मत विचारण्याच्या नांवाखालीं कोणासही चारचौघांत आपलें दुःख मांडावयास लावूं नये. आणि सोबत्यानें सोबतीच करावी, वैद्य होऊं नये. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ सालापासून चालूं आहे. तो प्रत्येक वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटीं तुमच्यासाठीं एक अभ्यास. तुमच्या बाकावरचा सोबती आठ दिवस गप्प असेल, तर त्याला काय झालें आहे हें तुम्हीं ठरवूं नका. त्याला काय हवें आहे, तें विचारा. पालकहो, तुम्हीं आपल्या मुलाविषयीं जें पाहिलें आहे, तें लाज न धरतां सांगा. त्या मुक्या मुलाच्या बापानें आपला विश्वास अपुरा आहे, हें रडत कबूल केलें होतें. तरीही तो मुलाला घेऊन पुढें आला, आणि त्याचें ऐकून घेतलें गेलें.