परक्या मंदिराच्या दाराशी

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी मैदानात पाणी साचले असता, नववीच्या काही मुलांस आम्ही वर्गात एक खेळ खेळताना पाहिले. ह्या खेळास पट लागत नाही की सोंगट्या लागत नाहीत. एक मुलगा सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करणार ते सांगतात. आणि कृत्य साधले की फसले हे फाशांवरून ठरते. अशा तऱ्हेचा पहिला छापील खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला, व भयकथांवर रचलेला एक प्रसिद्ध खेळ १९८१ साली. त्या दिवशीचा प्रसंग असा होता: अंतराळयान दूरच्या ग्रहावर उतरते, तेथे एक ओसाड, काळे मंदिर दिसते, दारावर अक्षरे कोरलेली असतात, परंतु ती कोणासच वाचता येत नाहीत. पथकाने दार फोडले. आत दुसरे दार, त्याच्या आत तिसरे. सातव्या दारामागे जे होते, त्याने एकूण एक सर्वांचा ग्रास घेतला.

पुढील आठवड्यात एक पालक आम्हांस भेटावयास आले. "सर, असल्या भुताखेतांच्या खेळांनी मुलांची मने बिघडणार नाहीत काय?" असे त्यांनी विचारले. प्रश्न कळकळीचा होता. त्याचे उत्तर आम्ही येथे सर्वांसाठीच देत आहो, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील दोन स्थळांकडे वाचकांस नेणार आहो.

पहिले स्थळ वसई तालुक्यातील सोपारे, म्हणजे प्राचीन काळचे शूर्पारक बंदर होय. तेथे एक मोठे टेकाड होते. लोक त्यास 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. पण तो कोट नव्हता आणि तेथे कोणी बुरुड राजाही नांदला नव्हता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी ते टेकाड खणविले, तेव्हा तो विटांचा बौद्ध स्तूप आहे असे ठरले. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी निघाली. तीत मध्यभागी तांब्याचा करंडक होता व त्याच्या सभोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती मांडलेल्या होत्या. तांब्याच्या आत रुप्याचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक! सोन्यात काय असावे? मातीच्या भांड्याची लहानलहान खापरे. ती बुद्धाच्या भिक्षापात्राची असावीत असे पंडितांचे मत पडले. पंडितांनी प्रत्येक थर कोठे व कसा होता ह्याची नोंद केली, म्हणूनच आज आपणांस हे सर्व सांगता येते. दागिन्यांच्या लोभाने कोणी ती पेटी फोडली असती, तर सोने उरले असते व खापरे फेकली गेली असती. म्हणजे ज्यासाठी स्तूप उभारला, तेवढेच नाहीसे झाले असते.

दुसरे स्थळ तारापूर. येथील अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. भारतातील ते पहिलेच. वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया केल्यानंतर जो अतिशय तीव्र किरणोत्सारी द्रव शेष राहतो, त्याची व्यवस्था तारापुरास कशी करतात पाहा. तो द्रव काच होणाऱ्या द्रव्यांत मिसळून भट्टीत वितळवितात. ती काच गंज न चढणाऱ्या पोलादाच्या डब्यांत ओतून डबे सांधतात, आणि ते डबे जमिनीखालील काँक्रीटच्या कोठारात, हवेने निवत राहतील असे ठेवितात. काचेभोवती पोलाद, पोलादाभोवती काँक्रीट! सोपाऱ्याच्या पेटीत पेटी, तशीच ही रचना. भेद एवढाच की, तेथे थर रचले ते आतील वस्तूस जगापासून जपण्यासाठी. येथे रचले ते जगास आतील वस्तूपासून जपण्यासाठी. बाहेरून पाहणाऱ्या अनोळखी माणसास हा भेद कसा कळावा?

आता थोडे गणित करा. त्या काचेतील सीझियम व स्ट्रॉन्शियम ह्यांचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे; म्हणजे दर ३० वर्षांनी त्यांचे प्रमाण निम्मे होते. दहा वेळा निम्मे केले, तर ३०० वर्षांनी सुमारे हजारावा भाग उरेल. परंतु अमेरिशियम नामक धातूच्या एका प्रकाराचे अर्धायुष्य सात हजार वर्षांहून अधिक आहे. म्हणून तारापूरचे कोठार हे मधला मुक्काम होय. शेवटी असा कचरा भूगर्भात खोल ठेवावा असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

मग त्या दारावर पाटी लावली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. सोपाऱ्यासच अशोकाच्या आठव्या धर्मलेखाचा तुकडा सापडला आहे. तो लेख राजाने प्रजेने वाचावा म्हणूनच कोरविला होता. तथापि चौदाव्या शतकात फिरोझशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हा त्यांवरील लेख वाचणारा पंडित मिळाला नाही. ती ब्राह्मी लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप ह्यांनी पुन्हा उलगडली. दगड टिकला, वाचणारे टिकले नाहीत. अमेरिकेत न्यू मेक्सिको प्रांतातील अशाच एका भूगर्भीय भांडारासाठी दहा हजार वर्षे पटेल अशी इशाऱ्याची खूण कोणती, ह्याचा विचार करण्यास शास्त्रज्ञ व भाषातज्ज्ञ बसले होते. १९९३ साली त्यांचा अहवाल निघाला. जमिनीतून प्रचंड काटे उभारावे अशी एक सूचना त्यात होती. पण भव्य व भयंकर वास्तू पाहून मनुष्य दूर पळतो की मंदिर समजून आत शिरतो? आमच्या नववीच्या पथकाने ह्याचे उत्तर दिलेच आहे.

तोंडी परंपराही एकटी पुरत नाही. सोपाऱ्याच्या लोकांनी शेकडो वर्षे नाव राखले, पण अर्थ हरवला, आणि स्तूपाचा कोट झाला. प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ह्या गावांस आपल्या मूळ जागा सोडाव्या लागल्या. तेथील आजीआजोबा नातवंडांस आपल्या घराची, विहिरीची गोष्ट सांगत असतील. ती गोष्ट अवश्य सांगावी. मात्र तिच्या जोडीस, तेथे आता काय आहे व ते का झाकून ठेविले आहे, हे ज्ञानही पोचले पाहिजे. नाही तर काही शतकांनी तेथेही एखादा 'राजाचा कोट' उभा राहील आणि कोणी तरी कुदळ घेऊन येईल.

म्हणून त्या पालकांस आम्ही सांगितले की, खेळातील भय भुताचे नव्हते. न वाचता दार फोडण्याचे होते, आणि ते भय मुलांनी जरूर शिकावे. त्यांनी एवढेच विचारले, "मग वाचावयास शिकविणार कोण?" मित्रहो, दगड आणि पोलाद ह्यांच्याहून अधिक टिकणारी पाटी एकच: एका पिढीने दुसरीस समजावून दिलेला धडा. ती पाटी दर वर्षी नव्याने लिहावी लागते, आणि ती लिहिण्यासाठीच शाळा असते.

त्या मुलांनी पुढल्या शनिवारी तोच प्रसंग पुन्हा मांडला. ह्या वेळी पथक दाराशीच थांबले व अक्षरांची नक्कल करू लागले. घंटा झाली तरी दार उघडलेले नव्हते.